संगणकाचे कुलूप आणि किल्लीचा ताबा : फर्मवेअर पासवर्डच्या इतिहासाचा देऊळघाट परिसराच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

बुलढाणा तालुक्यातील पैनगंगेकाठचे देऊळघाट हे गाव जिल्ह्याच्या मुख्यालयापासून फार दूर नाही. तरीही संगणक निर्मात्या कंपन्यांच्या अधिकृत सेवा व्यवस्थेपासून ते जेवढे दूर आहे, तेवढे अंतर नकाशावर दिसत नाही. अशा गावातील शाळा, ग्रामपंचायत वा पंचक्रोशीतील महाविद्यालय यांच्याकडे आलेले संगणक एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि एकाच योजनेतून आलेले क्वचितच असतात. या यंत्रांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये बिनचूक असते. मात्र यंत्राच्या अंतर्भागात बसविलेल्या कुलपाची, म्हणजेच फर्मवेअर पासवर्डची, नोंद कोठे असते हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात या कुलपाचा इतिहास पाहावयाचा असून, कुलूप दुरून लावण्याची व उघडण्याची सोय झाल्यावर किल्लीचा ताबा कोणाकडे गेला, याचा विशेष विचार केला आहे. हा विषय तंत्रज्ञांचा समजला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मूलतः दफ्तर आणि ताबा यांच्या इतिहासाचा विषय आहे.

फर्मवेअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संगणक सुरू होताच विंडोज वा लिनक्ससारखी कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वी मदरबोर्डवरील एका चिपमधील छोटा प्रोग्रॅम चालतो. तो यंत्राची तपासणी करतो आणि कार्यप्रणाली कोठून उचलायची हे ठरवितो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत, नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या मानकाने घेतली आहे. या पातळीवर पासवर्ड नसेल, तर प्रयोगशाळेतील कोणीही विद्यार्थी पेन ड्राइव्हवरून दुसरी कार्यप्रणाली सुरू करून यंत्राचा हवा तसा वापर करू शकतो. विंडोजमधील पासवर्ड मग दर्शनी दाराच्या कडीइतकाच उरतो, कारण मागचे दार उघडे असते. यंत्र सुरू करण्यासाठीचा पासवर्ड आणि मांडणी बदलण्यासाठीचा पर्यवेक्षकाचा पासवर्ड असे याचे दोन प्रकार आहेत. संस्थांच्या दृष्टीने दुसरा अधिक महत्त्वाचा होय.

किल्लीपासून बॅटरीपर्यंत

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पहिला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात असे कोणतेही कुलूप नव्हते. उलट त्याच्या बायोसची संपूर्ण संहिता कंपनीने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. १९८४ च्या पीसी-एटी या प्रतिकृतीत मात्र दोन गोष्टी नव्या आल्या. एक म्हणजे दर्शनी भागावरील खरोखरीचे धातूचे कुलूप. त्याची किल्ली फिरविली की कळफलक निकामी होई आणि पेटीचे झाकणही बंद राही. दुसरी म्हणजे बॅटरीवर चालणारे घड्याळ आणि त्याच चिपमधील ६४ बाइट्सची स्मृती. यंत्राची मांडणी या स्मृतीत साठविली जाई. पुढे पासवर्डही याच स्मृतीत जाऊन बसला. १९८७ च्या पीएस/२ मालिकेत यंत्र सुरू करतानाच पासवर्ड मागण्याची सोय झाली.

धातूची किल्ली हळूहळू लोप पावली आणि शब्दाची किल्ली आली. या स्थित्यंतराकडे इतिहासकाराने जरा थांबून पाहिले पाहिजे. धातूची किल्ली हरवली तर ते दिसते. ती कोणाच्या खिशात आहे हे विचारता येते, बदलीच्या वेळी ती हातावर ठेवून सही घेता येते. शब्दाची किल्ली ज्याच्या डोक्यात असते, त्याच्याबरोबर ती बदलीच्या गावी निघून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

अर्थात त्या काळचे हे कुलूप फार कच्चे होते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी काढली किंवा जंपर नावाची छोटी पिन हलविली की पासवर्ड पुसला जाई. शिवाय अनेक बायोस निर्मात्यांनी दुरुस्तीच्या सोयीसाठी स्वतःचे सार्वत्रिक पासवर्ड ठेवले होते आणि ते पुढे सर्वतोमुखी झाले. पासवर्ड विसरला तर ‘पेटी उघडा’ हा सल्ला कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणचा दुरुस्ती करणारा देऊ शके. कुलूप कच्चे होते, पण त्यामुळेच ते स्थानिक होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

लॅपटॉप संगणकांनी ही स्थिती पालटली. त्यांत पासवर्ड बॅटरीवर न विसंबणाऱ्या स्वतंत्र चिपमध्ये ठेवला जाऊ लागला. थिंकपॅड या लॅपटॉपचा पर्यवेक्षक पासवर्ड हरवल्यास मदरबोर्ड बदलणे हाच अधिकृत उपाय सांगितला जातो. ॲपलच्या संगणकांत २०१० पर्यंतच्या बहुतेक यंत्रांत स्मृतीच्या पट्ट्या हलवून पासवर्ड घालविता येत असे. २०११ पासून तो मार्ग बंद झाला व खरेदीचा पुरावा घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जाणे भाग पडले. खरेदीचे मूळ बिल म्हणजे यंत्रावरील हक्काचा पुरावा ठरला. महाविद्यालयीन कार्यालयात हे बिल लेखापरीक्षणाच्या व्हाउचरला जोडलेले असते आणि प्रयोगशाळेतील माणसाला ते सापडत नाही, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना अपरिचित नसावा.

चिपवर लिहिण्याची सोय आणि तिची दोन फळे

१९९० च्या दशकात बायोस फ्लॅश प्रकारच्या स्मृतीत ठेवला जाऊ लागला. त्यामुळे पेटी न उघडता, केवळ प्रोग्रॅम चालवून, त्यात बदल करणे शक्य झाले. या एका सोयीची दोन फळे इतिहासात दिसतात. पहिले कडू होते. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला. भारतासह आशियातील अनेक देशांत त्याने हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट केली आणि काही यंत्रांचा बायोसच पुसून टाकला. अशी यंत्रे नुसत्या फॉरमॅटने परत येत नव्हती, चिप बदलावी लागत असे. दुसरे फळ म्हणजे दूरस्थ व्यवस्थापन. चिपवर प्रोग्रॅममधून लिहिता येते, तर मुख्य कार्यालयातून शेकडो यंत्रांचे पासवर्ड एकाच वेळी का बदलू नयेत, हा विचार स्वाभाविक होता. २००० च्या दशकात डेल, एचपी, लेनोवो आदी कंपन्यांनी त्यासाठी आपापली साधने दिली. विंडोजमधील डब्ल्यूएमआय या व्यवस्थेमार्फत फर्मवेअरशी संवाद साधणे शक्य झाले.

या पद्धतीतील अडचण कार्यालयीन स्वरूपाची आहे. नवा पासवर्ड लावायचा तर जुना सांगावा लागतो. दोनशे यंत्रांना आज्ञा पाठविली, त्यांपैकी साठ त्या वेळी बंद असली, तर साठ यंत्रांवर जुने कुलूप राहते. पुढच्या फेरीत काहींवर त्याहून जुने उरते. विदर्भात भारनियमनाच्या काळात ज्यांनी प्रयोगशाळा सांभाळल्या, त्यांना ‘त्या वेळी यंत्र बंद होते’ या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तात्पर्य, दुरून कुलूप बदलणाऱ्याला आजच्या किल्लीबरोबर कालच्या व परवाच्या किल्ल्यांची यादीही जपावी लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर एका ग्रंथालयातून आले. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या मॅरियट ग्रंथालयातील मॅक संगणकांच्या चमूने फर्मवेअर पासवर्ड सांभाळणारे एक साधन तयार करून सर्वांसाठी खुले केले. त्यात एका किल्ली-यादीत नवा पासवर्ड आणि पूर्वीचे सर्व पासवर्ड असतात. साधन प्रत्येक यंत्रावर एकामागून एक जुना पासवर्ड लावून पाहते, जुळला की नवा बसविते आणि नंतर यादी यंत्रावरून पुसून टाकते. यंत्रावर यादीचा केवळ गणिती ठसा राहतो. त्यावरून हे यंत्र अद्ययावत आहे की नाही ते कळते, पण पासवर्ड कळत नाही. दाखल नोंदवही ठेवणाऱ्यांनाच हे सुचावे यात नवल नाही.

ॲपलने २०१७ मध्ये दूरस्थ व्यवस्थापनाच्या आज्ञांतच फर्मवेअर पासवर्ड लावण्याची व तपासण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२० पासूनच्या स्वतःच्या चिपवरील यंत्रांत तो पासवर्डच राहिला नाही. त्याऐवजी २०२१ मध्ये पुनर्प्राप्ती भागाला दुरून कुलूप लावण्याची आज्ञा आली. त्याच सुमारास विंडोज यंत्रांच्या जगात पासवर्डऐवजी डिजिटल स्वाक्षरीचा मार्ग पुढे आला. त्यात यंत्र शब्द ओळखत नाही, आज्ञेवरील स्वाक्षरी ओळखते. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्यामागील तत्त्व हेच आहे. शब्द गळू शकतो, कानोकानी जाऊ शकतो. स्वाक्षरीची खासगी किल्ली मात्र मुख्य कार्यालयातून बाहेर पडत नाही. परंतु अशा काही व्यवस्थांसाठी विक्रेत्याने यंत्र संस्थेच्या नावे नोंदविलेले असावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानातून निविदेने घेतलेल्या चार प्रकारच्या यंत्रांना ही सोय सहसा मिळत नाही.

दूरस्थ मार्ग स्वतःच धोक्याचा ठरू शकतो, याचे उदाहरणही येथे नोंदविले पाहिजे. इंटेलने २००६ पासून कार्यालयीन यंत्रांत व्यवस्थापनाची एक स्वतंत्र व्यवस्था दिली. यंत्र बंद दिसत असतानाही तिच्यामार्फत दुरून काम करता येते. जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडमधील कंपनीच्या संशोधकाने दाखवून दिले की, संस्थेने बायोसला पासवर्ड लावलेला असला तरी या व्यवस्थेचा मूळ कारखानी पासवर्ड बदललेला नसेल, तर यंत्र हाती आलेला मनुष्य त्या वाटेने आत शिरू शकतो. पुढच्या दाराला भक्कम कुलूप लावून मागच्या दाराची किल्ली कारखान्याने दिली तशीच खुंटीला टांगून ठेवावी, असा हा प्रकार होता.

दुहेरी कुलपाची परंपरा

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजी कारभाराखाली आला. येथील पिढ्यांनी त्या कारभारातील अनेक रीती पाहिल्या, त्यांपैकी कोषागारातील दुहेरी कुलूप ही एक होय. रोकड ठेवलेल्या खोलीला दोन कुलपे, दोहोंच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे आणि कोणा एकाला एकट्याने ती खोली उघडता येऊ नये, असा हा नियम. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी नियमांतही तो टिकला. कार्यालयांतील तिजोरीच्या दुसऱ्या संचातील किल्ल्या मोहोरबंद करून कोषागारात ठेवायच्या, वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, त्या मागवून तपासायच्या, पुन्हा नवी मोहोर लावून परत पाठवायच्या व तशी नोंद करायची, अशी तपशीलवार पद्धत या नियमांत आढळते. आजही निवडणूक यंत्रे ठेवलेल्या सुरक्षित खोलीला दुहेरी कुलूप लावले जाते.

या पद्धतीचे मर्म असे की, किल्ली व्यक्तीकडे असली तरी ती पदाची असते, आणि किल्ली आहे एवढेच पुरेसे नसून ती चालते की नाही हे ठरावीक काळाने पाहावे लागते. संगणक आला तेव्हा ही शिस्त त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. यंत्र डेड स्टॉकमध्ये गेले, पासवर्ड कोठेच गेला नाही. पदभार सोपविताना कपाटांच्या किल्ल्यांची यादी होते, त्यावर दोघांच्या सह्या होतात, परंतु फर्मवेअर पासवर्डचे नाव त्या यादीत सहसा नसते.

महाराष्ट्रातील योजनांच्या रचनेने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. केंद्र शासनाची शाळांतील माहिती तंत्रज्ञान योजना २००४ मध्ये सुरू झाली. राज्यात तिची अंमलबजावणी ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी संस्थांमार्फत झाली. म्हणजे पाच वर्षे प्रयोगशाळा कंत्राटदाराची, त्यानंतर शाळेची. ग्रामपंचायतींत २०११ पासून संग्राम प्रकल्प आला. त्यात यंत्र ग्रामपंचायतीत, ते चालविणारा संगणक परिचालक कंत्राटी आणि सेवेची सूत्रे कंपनीकडे, अशी तिहेरी वाटणी होती. २०१६ पासून त्याची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली व व्यवस्था पुन्हा बदलली. अशा प्रत्येक हस्तांतरणात खुर्च्या, यूपीएस, प्रिंटर मोजून घेता येतात. पर्यवेक्षकाचा पासवर्ड मोजता येत नाही, म्हणून तो राहून जाण्याची शक्यता सर्वाधिक. आणि यंत्र नव्या पिढीचे असेल, तर तालुक्याच्या दुकानात बॅटरी काढून ते मोकळे होत नाही. ज्याच्या नावावर यंत्र झाले, त्याच्याच हाती ते अडून राहते.

दूरस्थ व्यवस्थापनाने हा ताबा आणखी एक पायरी वर सरकतो. अनेक शाखांच्या शिक्षण संस्थेचे मुख्य कार्यालय देऊळघाटसारख्या गावातील यंत्रांना दुरून कुलूप लावू शकेल हे खरे. परंतु तेथील शिक्षकाला परीक्षेच्या सकाळी यंत्र अडले असता ते उघडण्याचा अधिकार राहत नाही आणि जोडणी खंडित असेल तर मुख्य कार्यालयालाही तो वापरता येत नाही. प्रस्तुत लेखकाला दूरस्थ व्यवस्थापन त्याज्य वाटत नाही. सर्व यंत्रांवर एकच पासवर्ड लावून तो कर्मचाऱ्यांत तोंडी फिरविण्यापेक्षा ते निश्चितच बरे. मात्र कोषागाराच्या नियमकर्त्यांनी दुसऱ्या संचाची जी तजवीज केली, ती येथेही हवी. प्रत्येक यंत्राचा वेगळा पासवर्ड, त्याची अनुक्रमांकासह नोंद, मोहोरबंद पाकीट प्राचार्यांच्या तिजोरीत आणि एप्रिलमध्ये निवडक यंत्रांवर प्रत्यक्ष तपासणी, इतकी व्यवस्था कोणत्याही नव्या खर्चाविना होऊ शकते.

येथे लेनोवोच्या यंत्रांतील एक बाब मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यांतील पर्यवेक्षक पासवर्ड दुरून बदलता येत असला, तरी अनेक वर्षे पहिला पासवर्ड दुरून लावता येत नसे. तो कोणीतरी यंत्रासमोर बसून, कळफलकावर स्वतःच्या बोटांनी टाकावा लागे. म्हणजे दूरस्थ कुलपाची सुरुवातही गावातल्याच माणसाच्या हाताने होई. पेटी उघडून यंत्र टेबलावर ठेवले गेले, बिलावर ‘माल मिळाला’ असा शेरा मारून सही झाली आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ओळ भरली गेली, त्याच दिवशी त्याच टेबलावर हे काम होऊ शकते. रजिस्टरमध्ये त्यासाठी एक रकाना आखावा लागेल.