पठारावरच्या पवनचक्क्यांचं बिल कोणी भरलं?

परवा एका ग्रामसभेला गेलो होतो. विषय होता गायरानावरच्या सौर प्रकल्पाचा. अर्ध्या तासात ठराव झालासुद्धा. मागे बसलेल्या एका आजोबांनी एवढंच विचारलं, "पठारावर चक्क्या आल्या तवा बी असंच म्हणालं हुतं, आमाला काय मिळालं?" उत्तर कोणी दिलं नाही. ते उत्तर शोधायचा हा प्रयत्न. पोस्ट लांब आहे, पण बिल आपणच भरतो, म्हणून वाचा.

मी पत्रकारितेत आलो तेव्हा, म्हणजे २००४-०५ च्या आसपास, चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागलेली होती. खाली गावात मात्र दहा-बारा तासांचं भारनियमन. लोक म्हणायचे, "वर पंखं फिरत्यात अन् खाली कंदील." मीही तशाच बातम्या दिल्या. आज मागे वळून बघताना वाटतं, तेव्हा मी अर्धीच गोष्ट लिहिली. पठारावरची वीज तारेतून राज्याच्या जाळ्यात जाते, शेजारच्या गावात वेगळी उतरत नाही. शिवाय आपल्याकडे वारा खरा वाहतो जून ते सप्टेंबर, म्हणजे शेतपंप बंद असतात तेव्हा. एप्रिल-मे मध्ये विजेची ओढाताण असते आणि तेव्हाच चक्क्या मंदावतात. खरी बातमी पैशाची होती.

ऐंशीच्या दशकात देवगडला सरकारी प्रात्यक्षिक झालं. खासगी पैसा आला तो १९९८ च्या राज्य धोरणानंतर. का आला? वाऱ्यासाठी थोडा, करासाठी जास्त. राज्याने गुंतवणुकीच्या प्रमाणात विक्रीकरात सवलत दिली. केंद्राच्या आयकरात पवनचक्कीवर घसारा आधी पहिल्याच वर्षी १०० टक्के, पुढे ८० टक्के मिळायचा. साधा हिशेब करा. कारखानदाराने १ कोटीची चक्की घेतली की ८० लाख त्याच वर्षी नफ्यातून वजा. कर ३५ टक्के धरला तर २८ लाख वाचले. तो कर कायमचा माफ नव्हता, पुढे ढकललेला होता. पण बिनव्याजी २८ लाख हातात आले की कोण नको म्हणेल? म्हणून ज्यांचा विजेशी संबंध नाही असे लोकही चक्कीचे मालक झाले. सवलत चक्की उभी केल्याबद्दल होती, ती किती युनिट देते यावर नव्हती. युनिटमागे ५० पैसे देणारी केंद्राची योजना आली डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे दहा वर्षं उशिरा.

हा झाला करदात्याचा हिस्सा. वीज ग्राहकाचा हिस्सा वेगळा. नोव्हेंबर २००३ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने १ एप्रिल २००३ नंतरच्या प्रकल्पांना दर ठरवून दिला. पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे, पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, मुदत १३ वर्षं. म्हणजे तेराव्या वर्षी ५ रुपये ३० पैसे. एरवी कर्ज फिटत आलं की खर्च उतरतो, इथे दर चढत गेला. २००४-०५ ला सुरू झालेल्या चक्कीचं तेरावं वर्ष २०१६-१७. त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, देशात पवन ऊर्जेचा पहिला मोठा लिलाव झाला आणि दर निघाला ३ रुपये ४६ पैसे. यंत्रं मोठी झाली होती, जागाही वेगळ्या होत्या, हे मान्य. पण फरक डोळ्यात भरतोच. हा खरेदीचा खर्च शेवटी कुठे जातो? वीजदरात. तुमच्या-माझ्या बिलात.

मग सगळी लूटच होती का? मी असं म्हणणार नाही. २०१० मध्ये केंद्रीय आयोगाने सौर विजेला १७ रुपये ९१ पैसे दर धरला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडलाच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. सुरुवातीला कोणीतरी महाग घेतली, जगभर कारखाने वाढले, म्हणून पुढे स्वस्त झाली. ही शिकण्याची फी, ती द्यावीच लागते. पण करसवलतीची उधळण आणि चढता दर ही फी नव्हे. ती करार लिहिताना झालेली चूक. दोन्ही खर्च एकाच पिशवीत घालून कुणी "हरित ऊर्जा महागच" म्हणतो, कुणी "पर्यावरणासाठी एवढं सोसा". दोघंही हिशेब टाळतात.

आता त्या ग्रामसभेकडे या. आजची सौर वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, शेतीला दिवसा मिळते. हे चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. सरकारी जमीन, त्यात आपलं गायरानही आलं, नाममात्र १ रुपया. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. करार मात्र २५ वर्षांचा. शेतमालकाला भाडं पोहोचेल. ज्याच्या दोन शेळ्या गायरानावर चरतात, त्याचं काय? त्याचा सातबाराच नाही.

स्वस्त विजेचा काही भाग त्या शेळ्यांच्या चाऱ्यातून येतोय, आणि हा खर्च कुठल्याच वीजबिलात दिसणार नाही.

म्हणून ठरावावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती वर्षं? चौथ्या वर्षापासून गावाला काय? आणि चराईची दुसरी जागा कुठली? उत्तरं तोंडी नकोत, इतिवृत्तात लिहून घ्या. पठारावरच्या वेळी आपण, आणि आम्ही पत्रकारांनीही, हे विचारलं नाही. त्या आजोबांना मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या ग्रामसभेला हा हिशेब घेऊन जाणार आहे. तुमच्या गावात असा ठराव आला असेल, तर त्यात काय लिहिलंय ते खाली सांगा.