दाद म्हणजे खरखर नव्हे

गेल्या उन्हाळ्यात अब्बांच्या कपाटातून एक कॅसेट निघाली. लेबलवर उर्दूत दोनच शब्द : मुशायरा, रेडिओ. साल नाही, शायरांची नावं नाहीत. आमच्याकडे भंडाऱ्याला रात्री आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस लागायची. अब्बा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे, दोन बटणं एकदम दाबायचे आणि आम्हाला नुसत्या नजरेने गप्प करायचे. तरीही त्या कॅसेटमध्ये अम्मीच्या भांड्यांचा आवाज आहे, मध्येच स्टेशन सरकलं आहे, आणि एका शेरावर अब्बांचा ‘वाह!’ आहे. अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

भाच्याने ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन साफ केली. “मामू, ऐका, आता एकदम क्लीन!” शायराचा आवाज खरंच उजळला होता. पण मुशायऱ्यातली दाद पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळत होती. अम्मीची भांडी गेली होती आणि त्यांच्याबरोबर अब्बांचा ‘वाह’ही गेला होता. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी शायर सोडून बाकी सगळी खरखर होती.

त्या दिवसापासून मी जुन्या रेडिओ रेकॉर्डिंगच्या इतिहासाच्या मागे लागलो. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इंग्रजी रॉक संगीताच्या रेकॉर्डिंगांतून. हे संगीत माझ्या आवडीचं नाही, तरी ती हकीकत आपल्या कामाची आहे.

मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात बीटल्स बीबीसी रेडिओच्या ५२ कार्यक्रमांत वाजले. त्यांनी ८८ वेगवेगळी गाणी मिळून २७५ वेळा सादर केली. पुढे ज्यांच्या नावावर अब्जावधींचा व्यवहार झाला, त्या मुलांच्या बऱ्याच टेप बीबीसीने जपल्याच नाहीत. टेप महाग होती. कार्यक्रम वाजला की तिच्यावर दुसरा कार्यक्रम भरायचा, हा तेव्हाचा रिवाज होता. १९९४ मध्ये ‘लाइव्ह ॲट द बीबीसी’ हा संच निघाला, तेव्हा बीबीसीच्या कपाटात जे सापडलं नाही त्यातलं काही सामान्य श्रोत्यांनी घरी रेडिओवरून टेप केलेल्या रिळांतून घ्यावं लागलं.

लेड झेपेलिनचंही तेच. १९६९ मध्ये त्यांनी बीबीसीसाठी केलेल्या एका सत्राची मूळ टेप नाहीशी झाली. २०१६ मध्ये त्यांचा बीबीसी संच वाढवून काढताना ते सत्र त्यात आलं, ते एका श्रोत्याने घरी केलेल्या रेकॉर्डिंगवरून. ऐकताना ते इतर गाण्यांपेक्षा ओबडधोबड वाटतं. तरी ते संचात घेतलं, कारण दुसरी प्रतच नव्हती.

संस्थेने पुसलं आणि घरातल्या माणसाने वाचवलं. आपल्याकडेही असे जपणारे होते. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि शनिवारची रात्र मोठ्या गवयांची झाली. उस्ताद अमीर खाँ १९७४ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्ड मोजक्याच, पण रसिकांनी हातोहात फिरवलेल्या रेडिओच्या आणि मैफलींच्या टेपमुळे त्यांचं कितीतरी गाणं आज कानावर पडतं. आकाशवाणीने आपला साठाही उघडला, २००३ मध्ये ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने जुनं ध्वनिमुद्रण विक्रीला आणलं. पण सरकारी साठ्यात जागा मिळते ती नामवंतांना. अब्बांच्या कॅसेटमधला शायर तिथे असेलच असं नाही.

आता साफसफाईचं बघू, म्हणजे भाच्याचं कुठे चुकलं ते कळेल. पहिलं काम कॉम्प्युटरचं नसतंच. टेप वाजवणाऱ्या हेडचा कल ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याच्या हेडशी जुळला नाही, तर बारीक आवाज मरतात आणि ‘स’, ‘श’ बोथट होतात. हेडजवळचा एक छोटा स्क्रू जपून फिरवला की आवाज उघडतो. हे न करता कॅसेट उतरवली, तर जे हरवलं ते पुढे कोणतंही सॉफ्टवेअर परत देत नाही. मग वेग. यंत्र हळू चाललं की आवाज जाड होतो, जोरात चाललं की चिरका. विजेची ५० हर्ट्झची घरघर टेपवर उतरली असेल, तर ती कितीवर ऐकू येते यावरून वेगाचा अंदाज लागतो. म्हणजे आपण ज्याला घाण समजून आधी काढतो, तेच कधी मोजपट्टीचं काम करतं.

मग खरखर. कोणी बोलत नाही असा सेकंदभराचा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला सांगायचं, ही खरखर, ही सगळीकडून वजा कर. थोडी वजा केली तर आराम पडतो. जास्त केली की दाद, टाळ्या, श्वास, सगळं तिच्याबरोबर जातं, कारण टाळ्यांचा आवाज आणि खरखर यांची घडण जवळजवळ सारखीच. लाइव्ह रॉकमध्ये जे गर्दीचं ओरडणं, तेच मुशायऱ्यात ‘मुकर्रर, मुकर्रर’. ते काढलं तर उरतो एकटा शायर, रिकाम्या खोलीत शेर म्हणणारा. तसा मुशायरा कधी झालाच नव्हता.

मी मास्तर आहे. मुलाच्या वहीत चूक दिसली तर लाल शाईने बाजूला लिहितो, त्याचं अक्षर खोडरबराने पुसत नाही. पुसलं तर तो कुठून कुठे आला हे त्यालाही कळणार नाही आणि मलाही. जुन्या आवाजाचा नियमही हाच असावा. पहिली प्रत जशी आहे तशी, अम्मीच्या भांड्यांसकट, चांगल्या दर्जाने उतरवायची : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त, एमपी३ नको. तिला हात लावायचा नाही. साफसफाई करायची ती तिच्या नकलेवर, आणि काय काय बदललं ते लिहून ठेवायचं.

आमची मूळ कॅसेट शाबूत होती म्हणून बरं झालं. मी आणि भाचा पुन्हा बसलो. आधी स्क्रू, मग वेग, मग अगदी हलक्या हाताने खरखर. या वेळी शायर थोडा धूसर आहे, पण दाद दाद वाटते. आणि ‘वाह’ जागेवर आहे.

आपली उर्दू, आपल्या मोहल्ल्यांची बोली, आपल्या लग्नातली गाणी, यातलं फार थोडं कुठल्या सरकारी कपाटात आहे. बाकीचं तुमच्या-आमच्या घरी, माळ्यावर, बुटांच्या खोक्यात पडलं आहे. चुंबकीय फीत दर वर्षी झिजते आणि ती वाजवणारी यंत्रंही कमी होत चालली आहेत. तेव्हा या सुट्टीत एकदा माळ्यावर चढा. आणि कॅसेट सापडली तर घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐका. माझ्या कॅसेटवरच्या दोन शायरांची नावं मला अम्मीनेच सांगितली. ती मी लगेच लेबलवर लिहिली.