मच्छीमार नौकांसाठी आपत्कालीन संदेश यंत्र: योजना, वापर आणि नोंदीची काळजी

किनारा मागे पडला की काही वेळाने मोबाईलची रेंज जाते. अशा वेळी बोटीत पाणी शिरले, इंजिन बंद पडले किंवा एखादा खलाशी अत्यवस्थ झाला तर मदत कशी मागायची? यासाठी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे उपलब्ध आहेत. आपण नौकामालक, तांडेल किंवा खलाशी असाल तर ही माहिती आपल्यासाठी आहे.

योजना काय आहे?
प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेअंतर्गत १ लाख यांत्रिक व मोटारयुक्त मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्यात येत आहेत. प्रकल्पाचा खर्च ३६४ कोटी रुपये असून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचा प्रारंभ झाला. नौकामालकाला हे यंत्र मोफत मिळते. त्यावरून संकटाचा संदेश पाठवता येतो, तसेच हवामानाचा इशारा आणि सागरी सीमा जवळ आल्याची सूचना मिळते.

याशिवाय इस्रोने तयार केलेले संकट-सूचना यंत्र (डॅट) २०१० पासून वापरात आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत आपला संदेश पोहोचल्याची पोच नौकेवर मिळते.

डॅटचे बटण दाबल्यावर काय होते?
१. यंत्र आपला ओळख क्रमांक आणि नौकेचे ठिकाण उपग्रहाकडे पाठवते.
२. नियंत्रण केंद्रात त्यावरून नौकेची ओळख पटवली जाते.
३. ही माहिती भारतीय तटरक्षक दलाच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे जाते आणि शोधकार्य सुरू होते.

नोंद अद्ययावत का हवी?
यंत्र क्रमांक पाठवते. मालकाचे नाव व फोन मात्र नोंदीतून शोधले जातात. समजा, नौका विकली गेली, पण नोंदीत जुन्याच मालकाचा फोन राहिला. ठिकाण कळेल, परंतु नौकेवर किती माणसे आहेत, हे विचारण्यासाठी फोन जुन्या मालकाला जाईल. तेवढा वेळ बुडणाऱ्या बोटीकडे नसतो. म्हणून:
- नौका विकली, घेतली किंवा फोन क्रमांक बदलला तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या जवळच्या कार्यालयात लगेच कळवा.
- एका नौकेचे यंत्र दुसऱ्या नौकेवर परस्पर लावू नका.
- समुद्रात जाण्यापूर्वी खलाशांची नावे घरी किंवा सोसायटीत लिहून ठेवा.

अर्ज कुठे करावा?
आपल्या जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. सोबत नौकेचे नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारी परवाना व ओळखपत्र ठेवा.

नेहमीचे प्रश्न

बटण चुकून दाबले गेले तर?
यंत्र लपवू नका किंवा बंद करून गप्प बसू नका. व्हीएचएफवरून किंवा रेंज असल्यास १५५४ वर तटरक्षक दलाला त्वरित कळवा. अन्यथा बचाव नौका आपल्यामागे निघेल आणि खऱ्या संकटातील माणसाला उशीर होईल.

बटण कोणी दाबावे?
नौकेवरील कोणीही. तांडेलच जखमी झाला तर? म्हणून प्रत्येक खलाशाला यंत्र दाखवून ठेवा.

यंत्र असल्यावर लाईफ जॅकेट लागते का?
होय. संदेश लगेच जातो. मदत पोहोचायला वेळ लागतो. तोवर माणूस पाण्यावर तरंगत राहिला पाहिजे.