प्लेगचे भय : मरणाचे की अनोळखी मरणाचे?

मृत्यूनंतर काय, हे ठाऊक नसते म्हणून माणूस मृत्यूला भितो, असे उत्तर तत्त्वज्ञानात पुष्कळदा मिळते. नचिकेत्याने यमाला विचारले तेही हेच. हे उत्तर खोटे नाही. पण ते एकट्या, चिंतनशील माणसाचे उत्तर आहे. एखादे सबंध शहर एकाच वेळी भयभीत होते तेव्हा ते नेमके कशाला भीत असते, हे पाहायचे तर इतिहासाकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-पुण्यात आलेल्या प्लेगची हकिकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. पुढील चार-पाच महिन्यांत मुंबईतील निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. माणसे मरणाच्या भयाने पळाली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्या पिढीला मरण अपरिचित नव्हते. पटकी दर काही वर्षांनी येई, देवी येत, आणि १८९६-९७ चा दुष्काळ तर प्लेगच्या जोडीनेच चालू होता. मात्र त्या मरणांना लोकांनी एक नाव, एक दैवत आणि एक रीत दिलेली होती. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. अंगावर फोड उठले की घरात 'देवी' आली असे समजून सोवळे पाळायचे. त्याने मरण टळत नसे, पण कोणी काय करायचे हे ठरलेले असे. प्लेगला आरंभी असे नावही नव्हते. वर्तमानपत्रांनी 'ग्रंथिक सन्निपात' हा भारदस्त शब्द योजला, लोक 'गाठीचा ताप' म्हणू लागले. ज्याचे नावच नक्की नाही, त्यासाठी नवस तरी कोणाला बोलायचा?

या अनोळखी रोगावर सरकारने योजलेला उपाय त्याहून अनोळखी होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासायला सुरुवात केली. रोगी रुग्णालयात, घरची मंडळी गावाबाहेरच्या छावणीत आणि घरातले सामान रस्त्यावर किंवा होळीत, असा तो क्रम होता. बायकांच्या काखा-जांघा परक्या पुरुषांनी तपासण्याचा प्रसंग येऊ लागला. मृत्यूची नोंद दिल्याशिवाय प्रेत हलवता येईना. लोक रोगी माळ्यावर लपवू लागले, मृत्यू दडवू लागले.

त्या काळच्या अफवा पाहिल्या की भयाचा रोख ध्यानात येतो. रुग्णालयात नेलेल्या माणसाच्या शरीरातून मोमियाई नावाचे तेल काढतात, ही एक. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड म्हणून सरकारला माणसांची काळिजे हवी आहेत, ही दुसरी. आज त्या वाचताना हसू येते. पण त्यांतला विषय मरण नव्हे. विषय आहे मरणाच्या वेळी देह कोणाच्या हाती असेल हा. तोंडात पाणी घालणारे कोणी नाही, मांडी द्यायला कोणी नाही, खांदेकरी नाहीत, आणि देहाचे पुढे काय होईल ते घरच्यांना कळणार नाही. अफवांनी या आशंकेला कथेचे रूप दिले, इतकेच.

ही आशंका कोणा एका जातीची वा धर्माची नव्हती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल झाली.

याउलट एक घटना पाहा. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे सोल्जरांच्या झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी. रोग तोच, धोका तोच. परंतु तो मुलगा जिच्या पाठीवरून दवाखान्यात गेला ती बाई परकी नव्हती.

भय केवळ प्रजेलाच होते असेही नाही. येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू ओळखला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा हे १८९७ मध्ये कोणालाच माहीत नव्हते. उंदरावरच्या पिसवांचा माग सिमाँ यांना १८९८ मध्ये कराचीत लागला, आणि तोही सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे जावी लागली. तेव्हा कार्बोलिकचे फवारे, उकरलेल्या जमिनी, उतरवलेली कौले हे सारे शास्त्राच्या नावाने चाललेले चाचपडणेच होते. अज्ञाताला दोन्ही बाजू भीत होत्या. एकीच्या हाती फौज होती, दुसरीच्या हाती अफवा.

आता या विवेचनाची कसोटी. लोकांचे भय निव्वळ मरणाचे असते, तर मरणांचा आकडा वाढेल तसा उद्रेकही वाढायला हवा होता. घडले उलटे. आर्थर रोडवर हल्ला झाला तेव्हा साथ जेमतेम सुरू झाली होती. मुंबई इलाख्यात तिने कळस गाठला १९०३-०४ च्या सुमारास. १९०७ मध्ये सबंध हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने गेली. पण तोवर पहिल्या वर्षांतले दंगे ओसरले होते. लोक मरणाला सरावले, हे एक कारण खरेच. तथापि तेवढ्याने सारा उलगडा होत नाही. मधल्या काळात सरकारने सक्ती सैल केली, जाती-जमातींना आपापली रुग्णालये काढू दिली, नातलगांना रोग्याजवळ राहू दिले. आणि लोकांनीही एक रीत घडवली : घरात उंदीर पडू लागले की चूलबोळकी उचलायची आणि माळावर झोपडी घालून राहायचे.

हा तपशील फार बोलका आहे. १८९७ मध्ये ज्या छावणीच्या नुसत्या नावाने लोक थरकापत, तिच्यात आणि या माळावरच्या झोपडीत वैद्यकदृष्ट्या फारसे अंतर नव्हते. दोन्हींचा अर्थ एकच, घर सोडणे. अंतर होते ते एवढेच की झोपडी आपण घातलेली, शेजार ओळखीचा, आणि मेलोच तर कोणाच्या हातून पोहोचवले जाऊ हे ठाऊक असलेले.

मराठीत प्लेग म्हटला की २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता आणि चापेकर बंधू आठवतात. ते स्वाभाविकच आहे. पण त्या प्रखर घटनेच्या प्रकाशात माळ्यावर आजारी सून लपवणारी सासू दिसेनाशी होते. दिसलीच तर 'अडाणी' या शब्दाखाली तिची बोळवण होते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला आणि पुढे कित्येक सुशिक्षित घरांना आपल्या माणसाचे तोंडही शेवटचे पाहता आले नाही. दाखल केलेला माणूस आत एकटा आहे, या कल्पनेने ज्यांच्या रात्री गेल्या, त्यांना आता त्या सासूला अडाणी म्हणता येणार नाही. त्या काळातले वाङ्मय वर्गात शिकवताना 'लोक मरणाला घाबरले' या वाक्यावर न थांबता, ते कोणत्या मरणाला घाबरले, एवढा प्रश्न तरी आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा.