मुक्काम आणि आकडा

नागपूरहून वर्धेच्या वाटेला लागले की सुमारे सत्तर किलोमीटरवर धाम नदीकाठी पवनार लागते. अंबाझरीच्या काठावर सकाळी फिरताना आपण मनगटावरच्या यंत्रात दहा हजार पावले भरली का, हे पाहतो. तेव्हा पवनारच्या विनोबांची आठवण होणे स्वाभाविक आहे.

दहा हजारांचा हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या जाऊ लागलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते. तरीही आकडा निरुपयोगी नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात पाऊलमापक वापरणाऱ्यांचे चालणे दिवसाला दोन हजारांहून अधिक पावलांनी वाढलेले दिसले, आणि त्यात पावलांचे उद्दिष्ट ठरवून घेणे महत्त्वाचे ठरले. मग प्रश्न उरतो तो उद्दिष्ट कसले असावे, एवढाच.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. पुढे विनोबांनी १९५७ पर्यंत ५ कोटी एकरांचे, म्हणजे देशातील लागवडीच्या जमिनीच्या सुमारे सहाव्या हिश्शाचे, उद्दिष्ट मांडले. प्रत्यक्षात मिळाली ती चाळीसएक लाख एकर. आकड्याच्या कसोटीवर हा पराभवच होता.

परंतु यात्रा १९५७ साली थांबली नाही. १९५९ मध्ये विनोबा काश्मीरमध्ये होते, १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात, १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानात. १० एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ते पवनारला परतले. याचे कारण आम्हांस असे दिसते की पाच कोटी हे आंदोलनाचे ध्येय होते, पायांचे नव्हे. पायांपुढे असे ते उद्याचे गाव. पंढरीच्या वाटेवरील दिंडीचेही तेच आहे: ती मैल मोजत नाही, मुक्काम गाठते. मुक्काम रोज पुरा होतो. त्यामुळे दूरचे अपयश आजच्या चालीवर सावली धरीत नाही.

१९६५ मध्ये विनोबा पुन्हा निघाले. या ‘तूफान’ यात्रेत ग्रामदानाची संख्या झपाट्याने वाढवायची होती, आणि ही यात्रा वाहनातून झाली. वय आणि प्रकृती ही कारणे होतीच. पण संख्येची घाई झाली की चालणे हा अडथळा वाटू लागतो, हेही यातून ध्यानात येते.

मनगटावरचा आकडा आपल्याला घराबाहेर काढतो, हे मान्य. पण तो चुकला त्या संध्याकाळीही उद्या पुन्हा निघावेसे वाटायचे असेल, तर कोठवर जायचे ते ठाऊक असावे लागते.