अनुदान आणि बलुते : ग्रामीण संगणक-योजनांच्या अर्थसाहाय्याचा एक विचार

ग्रामीण भागात संगणक व माहितीची नवी साधने नेण्याचे जे प्रयत्न आपल्या देशात १९९८ पासून झाले, त्यांची चर्चा बहुधा यंत्राच्या अंगाने होते. कोणते यंत्र आणले, ते किती गावांत बसविले, त्यावर कोणत्या सोयी दिल्या, हे सविस्तर सांगितले जाते. त्या यंत्रामागील पैशाचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाकडे दोन शब्दांच्या आधारे पाहण्याचा विचार आहे. ते शब्द म्हणजे 'अनुदान' आणि 'बलुते'. शब्दांचा अभ्यासक इतिहासाच्या प्रांतात शिरतो तेव्हा त्याच्या हाती शब्दांवाचून दुसरे साधन नसते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

'बलुते' म्हणजे बलुतेदारास त्याच्या सेवेबद्दल गावाकडून दरसाल मिळणारा धान्याचा वाटा. सुतार व लोहार यांना सुगीच्या वेळी खळ्यावर जे धान्य मिळे, ते एखाद्या नांगराची किंवा फाळाची किंमत म्हणून नव्हे. शेतकऱ्याची अवजारे वर्षभर चालती ठेवावीत, यासाठी ते दिले जाई. म्हणजे त्यात मोबदला वस्तूचा नसून तिच्या देखभालीचा होता. ही व्यवस्था आदर्श होती असे मुळीच नाही. ती जातीने बांधलेली होती, आणि तिच्या शेजारच्या वतनपद्धतीचा जाच महार समाजाने किती सोसला, हे डॉ. आंबेडकरांच्या महार वतनाविरुद्धच्या चळवळीवरून सर्वश्रुत आहे. मुंबई राज्याने १९५८ मध्ये कायदा करून कनिष्ठ ग्रामवतने नष्ट केली, ते योग्यच झाले. तथापि त्या व्यवस्थेतील एक हिशेबी जाण विसरण्यासारखी नाही : अवजार घेण्याचा खर्च एकदाचा असतो, चालविण्याचा दरसालचा असतो.

'अनुदान' या शब्दाची प्रकृती याहून वेगळी आहे. अनुदान बाहेरून येते, ठरावीक हेतूसाठी येते आणि सामान्यतः ठरावीक मुदतीपुरते येते. देणारा व घेणारा यांच्यात ते एक अंतर गृहीत धरते. ग्रामीण माहिती-योजनांचा इतिहास हा प्रामुख्याने अनुदानाचा इतिहास आहे.

या इतिहासाची पूर्वपीठिका संगणकाच्या बरीच आधीची आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले आणि निष्कर्ष उत्साहवर्धक निघाले. परंतु हा प्रयोग अवघ्या दहा आठवड्यांचा होता. पुढे १९७५–७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचविण्यात आले. १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झालेला हा प्रयोग ३१ जुलै १९७६ रोजी संपला, कारण उपग्रह वर्षापुरताच उसना होता. दोन्ही प्रयोगांनी मोलाचे ज्ञान दिले, हे मान्यच केले पाहिजे. पण दोहोंतही मुदत साधन पुरविणाऱ्याच्या सोयीने ठरली होती, गावाच्या गरजेने नव्हे.

संगणकाच्या युगातील पहिले ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती सहकारी संस्थांचा एक परिवारच वाढला होता. या परिसरातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकाराने संगणक-जाळ्याची योजना हाती घेण्यात आली, आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ती अमलात आणली. खर्चाचा अंदाज सुमारे अडीच कोटी रुपयांचा होता. त्यांपैकी केंद्र शासनाचा वाटा ५० टक्के, राज्य शासनाचा ४० टक्के आणि वारणेच्या शिक्षणसंस्थेचा १० टक्के, अशी विभागणी होती. शेतीविषयक माहिती, बाजारभाव, शिक्षण, आरोग्य असे अनेक हेतू योजनेत नमूद होते.

प्रत्यक्षात काय टिकले? लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरील वजन, खताची उचल, ऊसबिलाचा हिशेब ही कारखान्याची नित्याची कामे गावोगावच्या केंद्रांवर चालू राहिली. इतर हेतू बव्हंशी कागदावरच राहिले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी पाहणी केली असता हेच आढळले. तेव्हा सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेशांची पद्धत त्यांनी योजून पाहिली. तीच कामे अधिक स्वस्तात झाली, आणि शेतकऱ्यांनाही ती पद्धत अधिक सोयीची वाटली.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. वारणेची योजना फसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टिकले ते काम असे होते की ज्यासाठी कारखान्याला संगणक असो वा नसो, दरसाल खर्च करावाच लागत होता. त्या कामाचे बलुते आधीच ठरलेले होते. उरलेल्या कामांना केवळ अनुदान होते.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे. तेथे जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना 'सूचनालय' व चालकांना 'सूचक' अशी नावे होती. योजनेचे वैशिष्ट्य असे की आरंभीच्या केंद्रांचा खर्च ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून केला, आणि चालकास पगार न देता नागरिकांकडून मिळणाऱ्या शुल्कावर त्याने निर्वाह करावा, असे ठरले. जमिनीच्या नोंदीची नक्कल, तक्रारअर्ज, बाजारभाव यांसाठी अल्प शुल्क असे. त्याच वर्षी योजनेस स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभले. येथे वर्गणीही होती आणि शुल्कही होते. म्हणजे अनुदानाचा दोष टळला होता. तरीही केंद्रांचा वापर हळूहळू ओसरला. वीज व दूरध्वनी यांची अनिश्चितता हे एक कारण होतेच. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, केंद्रावर केलेल्या अर्जाचे उत्तर कचेरीतून वेळेवर यावे लागे, आणि ते येणे अधिकाऱ्यांच्या उत्साहावर अवलंबून होते. अधिकारी बदलले की उत्साहही बदले. ज्या सेवेचे मोल गावाने द्यायचे, ती पुरविण्याचे बंधन दुसऱ्या पक्षावर नव्हते. बलुत्याच्या व्यवहारात मात्र दोन्ही बाजू बांधलेल्या असत.

यानंतर योजनांचे आकारमान वाढले. २००६ मध्ये केंद्र शासनाने एक लाख सामाईक सेवा केंद्रांची योजना संमत केली. ५,७४२ कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चापैकी केंद्र व राज्ये मिळून सुमारे १,६४९ कोटी देणार होती. बाकीचा भाग खाजगी क्षेत्राने उचलावा, अशी अपेक्षा होती. येथे केंद्रचालक हा उद्योजक मानला गेला. त्याची दरसालची मिळकत कोठून येणार, हा प्रश्न बहुतांशी त्याच्यावरच सोपविला गेला. त्याआधी २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के आकारणीतून सार्वत्रिक सेवा निधी उभारण्यात येऊ लागला होता, आणि २००३ च्या कायदादुरुस्तीने त्यास वैधानिक आधार मिळाला. २०११ मध्ये संमत झालेले ग्रामपंचायतींपर्यंतचे प्रकाशतंतूंचे जाळे, म्हणजेच पुढील काळातील 'भारतनेट', याच निधीतून उभे राहिले. या निधीस २०२४ पासून 'डिजिटल भारत निधी' असे नाव आहे. तारा पुरल्या गेल्या. पण पुरलेली तार तुटल्यास ती जोडणार कोण, हा प्रश्न अनेक ठिकाणी उरला. २०२३ मध्ये संमत झालेल्या सुधारित कार्यक्रमात दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आरंभीच धरण्यात आला, ही गोष्ट म्हणूनच लक्षणीय आहे. बलुत्याचे तत्त्व शासकीय अंदाजपत्रकात उशिरा का होईना, शिरले असे म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. केंद्राला कुलूप लागले की शेतकऱ्याची तालुक्याची खेप पुन्हा सुरू होते. तेवढ्यावर भागत नाही. 'ग्रामस्थांचा प्रतिसाद अपुरा' असा शेरा कागदावर उमटतो, आणि पुढच्या योजनेच्या वेळी तोच शेरा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. ज्याची तरतूद झाली नाही त्याचा दोष ज्याला विचारले नाही त्याच्या माथी जातो. अशा योजनांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी यासाठी यंत्रांची संख्या मोजण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात : दरसालचा खर्च कोणाच्या वहीत लिहिला आहे, सेवा न मिळाल्यास गाव कोणाला जाब विचारू शकते, आणि योजनेशिवायही जे काम करावेच लागते असे तिच्यात काय आहे. पहिले दोन प्रश्न खळ्यावर पूर्वी विचारले जात. जातीची बेडी तोडून ते विचारण्याची रीत पुन्हा घालणे आपल्या हाती आहे.