संसार, ईश्वरप्रेम आणि मागे राहिलेली स्त्री : ऑगस्टीन ते लक्ष्मीबाई टिळक

१

ईश्वरप्रेम आणि ऐहिक आसक्ती यांतील निवड हा ख्रिस्ती धर्मजीवनाचा मध्यवर्ती विषय आहे. पाश्चात्त्य परंपरेत आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची घडणही बऱ्याच अंशी या निवडीच्या निवेदनातून झाली. मात्र ज्या ‘जगा’चा त्याग करावयाचा, त्याचा अर्थ मूळ धर्मग्रंथांतही एकसारखा नाही. नव्या करारातील ग्रीक भाषेत ‘कॉस्मॉस’ हा एकच शब्द दोन भिन्न भूमिका पार पाडतो. योहानाच्या शुभवर्तमानात देव जगावर प्रेम करतो आणि त्या प्रेमापोटी आपला पुत्र देतो. योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र श्रद्धावंतांनी जगावर प्रेम करू नये असे बजावलेले आहे. देवाला प्रिय असलेले जग आणि भक्ताने टाळावयाचे जग यांतील सीमारेषा कोणी व कोठे आखावयाची, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक काळातील ख्रिस्ती साधकापुढे नव्याने उभा राहिला.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. त्यागाची कथा बहुधा त्याग करणारा सांगतो. जे मागे सोडले गेले त्यात माणसेही असतात, आणि त्यांची बाजू क्वचितच संहितेत उतरते. चौथ्या-पाचव्या शतकातील उत्तर आफ्रिका आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील महाराष्ट्र या दोन दूरस्थ संदर्भांतील दोन आत्मनिवेदने या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

२

ऑगस्टीनचा जन्म ३५४ मध्ये तागास्ते येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील सूक अह्रास या गावी झाला. कार्थेजमध्ये शिकत असता तो एका स्त्रीबरोबर राहू लागला व तिच्यापासून त्याला अदिओदातुस हा मुलगा झाला. हा संबंध पंधरा वर्षांच्या आसपास टिकला. ३८४ मध्ये मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाल्यावर आई मोनिका हिने प्रतिष्ठित घराण्यातील एका मुलीशी त्याचा विवाह ठरविला. मुलगी विवाहयोग्य वयाची नसल्याने दोन वर्षे थांबावे लागणार होते. नियोजित विवाहाच्या आड येते म्हणून त्या सहचारिणीला आफ्रिकेत परत पाठविण्यात आले. मुलगा पित्याकडे राहिला. ३८६ मध्ये मिलानच्या बागेतील सुप्रसिद्ध प्रसंगी ऑगस्टीनचे मनःपरिवर्तन झाले, ठरलेला विवाहही मोडला, आणि ३८७ च्या ईस्टरला बिशप आंब्रोझ याच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला.

‘कन्फेशन्स’च्या सहाव्या भागात या विरहाचे वर्णन मोजक्या ओळींत येते. आपले हृदय तिला जडलेले होते व ती दूर होताच ते विदीर्ण झाले, असे ऑगस्टीन सांगतो. पुन्हा कोणाही पुरुषाचा संग करणार नाही असे व्रत घेऊन ती परतली, हेही तो नोंदवितो. आणि आपण मात्र दोन वर्षेही थांबू शकलो नाही, दुसरी स्त्री जवळ केली, याची कबुली देतो. या तपशिलाचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले जात नाही. ज्या संयमासाठी ऑगस्टीनला पुढे बागेतील संघर्षातून जावे लागले, तो त्या स्त्रीने त्याच्या आधी स्वीकारला होता, आणि याचा साक्षीदार तो स्वतःच आहे. तरीही तिचे नाव संहितेत नाही. मोनिकेचे नावही तेरा भागांच्या या ग्रंथात एकदाच येते, आणि निवेदनाचा श्रोता सर्वज्ञ ईश्वर असल्याने नावांची गरज नसावी, असे समर्थन करता येईल. परंतु त्यामुळे परिणाम बदलत नाही. त्या व्रताचा अर्थ तिच्या लेखी काय होता, हे जाणून घेण्याचा मार्ग वाचकापाशी उरत नाही.

ऑगस्टीनच्या प्रेममीमांसेतही ही अडचण उमटलेली आहे. ‘दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना’ या ग्रंथात त्याने ‘उती’ आणि ‘फ्रुई’ असा भेद केला. मराठीत त्यासाठी उपयोग आणि उपभोग हे शब्द योजता येतील. ज्याच्यात त्याच्याचसाठी रमावे असा एक ईश्वरच. बाकीच्या वस्तूंचा त्याच्याकडे जाण्यासाठी उपयोग करावयाचा. मग शेजाऱ्याचे काय, त्याचा उपयोग करावयाचा की त्याच्यात रमावयाचे, असा प्रश्न ऑगस्टीन स्वतःच उपस्थित करतो, आणि माणसांनी एकमेकांत रमावे ते ईश्वराच्या ठायी, अशा उत्तराकडे येतो. आसक्ती आणि प्रेम यांत फरक करणारे हे उत्तर सूक्ष्म आहे. परंतु ज्या व्यक्तीने या तत्त्वाची किंमत मोजली, तिचा आवाज त्यात मिसळलेला नाही.

३

हा विचार मराठीत आला तेव्हा त्याला ‘संसार’ हा शब्द भेटला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे शब्द निःसंकोचपणे स्वीकारले आणि ख्रिस्ती आशय मराठी भक्तिपरंपरेच्या परिभाषेत आणून सोडला. या परिभाषेतील ‘संसार’ हा शब्द दुहेरी आहे. तत्त्वज्ञानात तो जन्ममरणाचे चक्र सुचवितो. व्यवहारात मात्र चूल, मुलेबाळे, देणी-घेणी आणि पैपाहुणा म्हणजे संसार. बाई ‘संसार करते’ असे मराठीत म्हटले जाते. त्यामुळे संसार सोडणे या शब्दप्रयोगात एक घर आणि ते घर सांभाळणारी स्त्री आधीपासूनच बसलेली असते.

भक्तिपरंपरेने ही स्त्री पाहिलेली आहे. महिपतीच्या अठराव्या शतकातील संतचरित्रांतून तुकारामांची पत्नी मराठी लोकस्मृतीत राहिली ती विठ्ठलाला बोल लावणारी, तरी भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी म्हणून. पण ती तेथे पात्र आहे, निवेदक नाही. सतराव्या शतकातील बहिणाबाईंनी आपल्या अभंगांतून स्वतःची कथा सांगितली. तेथे संसारात राहून, पतीचा विरोध सोसत ईश्वराकडे वळलेली स्त्री बोलते. पतीने देवासाठी घर मागे टाकल्यावर पत्नीवर काय गुजरते, या कथेला मात्र स्वतंत्र निवेदक मिळण्यासाठी विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

४

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा. बंगालमधील ब्रह्मबांधव उपाध्याय यांचाही जन्म त्याच वर्षीचा. उपाध्यायांनी १८९१ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे भगवी वस्त्रे धारण केली. पंजाबातील सुंदरसिंग यांनी १९०५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन साधूचा वेष पत्करला. हे दोघेही अविवाहित होते. भारतीय ख्रिस्ती संन्यासाचा विचार या दोन नावांभोवती बहुतेक वेळा फिरतो, परंतु त्यांच्या त्यागात घरातील दुसऱ्या व्यक्तीचा प्रश्न नव्हता. टिळकांच्या बाबतीत तो होता.

टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. या निर्णयात लक्ष्मीबाई सहभागी नव्हत्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या, काही काळ पंढरपुरात होत्या. त्या काळी १८६६ च्या एका कायद्याने, जोडीदार धर्माच्या कारणावरून सहवास नाकारत असेल तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला विहित प्रक्रियेनंतर विवाहविच्छेद मिळविता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे आणि त्यांचा स्वयंपाक काही काळ वेगळाच राहिला. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नव्हे, या निष्कर्षावर त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या दृष्टीने तुकाराम हा ख्रिस्ताकडे नेणारा सेतू होता, आणि त्यांच्या ‘अभंगांजली’त ईश्वरप्रेमाची भाषा वारकरी परंपरेतून आलेली आहे. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

५

टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त याला आईच्या आठवणी हव्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, टिळकांकडून लिहायला-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई त्या लिहू लागल्या आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाली. म्हणजे जी संहिता आज मराठी आत्मचरित्राचा मानदंड मानली जाते, तिची सुरुवात दुसऱ्याच्या चरित्राची साधनसामग्री म्हणून झाली. ‘कन्फेशन्स’मध्ये जी जागा रिकामी राहिली होती, त्या जागेवरून येथे निवेदन होते.

या निवेदनात पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा येतो. त्यांच्या औदार्याची, कवित्वाची आणि श्रद्धेची थोरवी त्यात मनापासून मान्य केलेली आहे. त्याचबरोबर त्या औदार्याचा हिशोबही येतो. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक आणि सांजेच्या जेवणाची तजवीज करणाऱ्या लक्ष्मीबाई ही जोडी पुनःपुन्हा समोर येते. घरात पाहुणे, विद्यार्थी, निराश्रित मुले यांची वर्दळ असे; बालकवी ठोमरेही काही काळ या घरात राहिले. द्रव्याविषयीची टिळकांची अनासक्ती खरी होती. परंतु ती घरात रोज निभावून नेण्यासाठी कोणाला तरी द्रव्याचा विचार करावाच लागे. लक्ष्मीबाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. त्यांचा विनोद दोघांवरही चालतो, आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीला वजन येते.

या साक्षीमुळे ‘ऐहिक’ या कल्पनेत महत्त्वाचा फरक पडतो. तांदूळ, मीठ, मुलाचे आजारपण आणि घरभाडे यांची चिंता ही वासना आहे काय? साधनमार्गाच्या भाषेत ती ‘जगा’च्या बाजूला पडते. ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकाला मात्र ती शेजारप्रेमाच्या बाजूला पडताना दिसते, आणि शेजाऱ्यावरील प्रेम ही तर ख्रिस्ताने सांगितलेली दुसरी मोठी आज्ञा. लक्ष्मीबाई कोणताही सिद्धान्त मांडत नाहीत, पण ऑगस्टीनने उपस्थित केलेल्या प्रश्नाला त्यांच्या संसारातून उत्तर मिळते. ईश्वराच्या ठायी माणसांत रमणे म्हणजे काय, तर दारी आलेल्याला जेवू घालणे आणि उद्यासाठी मूठभर राखून ठेवणे.

त्यांच्या स्वतःच्या धर्मांतराची कथाही याच अंगाने वाचावी लागते. पतीच्या मागोमाग गेलेली पत्नी असा तिचा अर्थ लावणे सोपे आहे. प्रत्यक्षात पतीचा बाप्तिस्मा आणि त्यांचा बाप्तिस्मा यांत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर स्वतंत्र विचाराने भरलेले आहे. टिळकांचा प्रवास तुकारामांच्या सेतूवरून झाला. लक्ष्मीबाईंचा प्रवास स्वयंपाकघरातून, सोवळ्या-ओवळ्याच्या प्रश्नातून झाला. ज्या ठिकाणाला साधक संसार म्हणून मागे टाकतो, तेथेच त्यांना ईश्वराचा निर्णय घ्यावा लागला.

६

या तुलनेला मर्यादा आहेत. ऑगस्टीनची सहचारिणी विवाहित पत्नी नव्हती आणि रोमन समाजात तिला परत पाठविणे हा रूढ व्यवहार होता. टिळकांनी पत्नीशी नाते तोडले नाही, उलट वाट पाहिली. दोन संहितांमध्ये पंधरा शतकांहून अधिक अंतर आहे आणि एकीचा दुसरीवर प्रभाव दाखविण्याचा येथे हेतू नाही. तरीही ईश्वरप्रेमाच्या निवडीचे मूल्यमापन करताना निवड करणाऱ्याचा अंतःसंघर्ष हा एकच पुरावा पुरेसा मानावा काय, हा प्रश्न दोन्ही संहिता मिळून उभा करतात.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने अपूर्ण राहिले. त्याचे थोडेच अध्याय त्यांनी लिहिले होते. उरलेला बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये ते काव्य प्रकाशित झाले. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत सांगण्याचे जे काम संन्यस्त कवीने आरंभिले, ते घर चालविणाऱ्या स्त्रीने बव्हंशी पुढे नेले. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास लिहिताना या गोष्टीची नोंद बहुधा पत्नीच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून होते. ईश्वरप्रेम आणि संसार यांना परस्परविरोधी मानणाऱ्या विचाराचा फेरविचार म्हणून तिची नोंद होणे अधिक न्याय्य ठरेल.